काथ्या, केळीचं सोप आणि 'कुजणारी' कुंडी: नक्की कुजतं काय?

कुळागरी | १८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गोव्यात सावईवेऱ्याकडे आमचं वडिलार्जित कुळागर आहे. माड, पोफळी, केळी, मिरीचे वेल, आणि वरच्या डोंगरावर काजू. काजूची कलमं दरवर्षी काळ्या पिशव्यांतून येतात. पावसात लावताना गड्यांची घाई असते, मग पिशवीचा तळ तेवढा कापायचा आणि बाकीची पिशवी तशीच खड्ड्यात. गेल्या वर्षी एक मेलेलं कलम उपटलं. सात वर्षांपूर्वीची पिशवी जशीच्या तशी, वरचे छापील आकडेसुद्धा वाचता येत होते. आणि आत मुळं सुतळीच्या गुंडीसारखी गोल गोल फिरलेली. झाड का मेलं ते कळलं, आणि डोक्यात किडा शिरला की पिशवीऐवजी मातीत विरून जाईल अशी कुंडी आपणच का करू नये. तंतू म्हणाल तर बागेत फुकट आहे. नारळाची सोडणं (वरची सालं) आम्ही चुलीत घालतो, केळीची खोडं घड काढल्यावर कुजतात, पोफळीच्या विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद सालं) गोळा करायला माणूस मिळत नाही.

पहिला प्रयोग श्रावणात केला. टॅपिओका स्टार्चची खळ शिजवली, त्यात थोडं व्हिनेगर आणि ग्लिसरीन, मग पिंजलेला काथ्या कालवून तांब्याच्या बाहेरून थापला. वाळायला आठ दिवस लागले. दिसायला फक्कड. पुढच्या आठवड्यात वर पांढरी लव, मग हिरवी, आणि एका सकाळी कुंडी आपल्याच वजनाने खाली बसलेली. उरलेली झुरळांनी संपवली.

दुसरा प्रयोग दिवाळीनंतर. होड्यांचं फायबरकाम करणाऱ्या एका ओळखीच्याकडून पॉलिएस्टर रेझिन आणि हार्डनर आणलं. काचेच्या तंतूंच्या मॅटऐवजी काथ्याचा थर, वर रेझिन, रोलर. कुंडी दगडासारखी झाली. उभा राहिलो तिच्यावर, माझं वजन ब्याऐंशी किलो. घरी सगळे खूष.

प्रश्न असा की ही 'जैवविघटनशील' म्हणून नर्सरीवाल्यांना देता येईल का? नैसर्गिक तंतू तर आहेच.

---

खोचक_खोबरं | १८ फेब्रुवारी, रात्री १०.०५

रेझिन ओतलंत तिथेच विघटन संपलं. काथ्या घालून प्लास्टिक केलंत, बस. तांदळात खडा नाही झाला, खड्यात तांदूळ झाला.

---

कुळागरी | १८ फेब्रुवारी, रात्री १०.२०

अहो पण वजनाने तिसरा हिस्सा तर काथ्याच आहे ना? तेवढा तरी कुजेल की.

---

रसायनी | १९ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

पुण्याहून. पॉलिमरमध्ये काम करतो म्हणून थोडं लांब लिहितोय.

तुमची कुंडी म्हणजे काँपोझिट, दोन पदार्थ मिळून झालेला एक. काँपोझिटमध्ये दोन भिडू असतात. ताण घेतो तंतू, आणि तंतूंना जागेवर धरून एकाचा ताण दुसऱ्याकडे पोचवतो तो बंधक. तुमच्या कुंडीत बंधक आहे पॉलिएस्टर. एकदा हार्डनर घातला की त्याच्या साखळ्या एकमेकींत आडव्या गुंफल्या जातात, पुन्हा वितळत नाहीत, आणि जिवाणूंच्या विकरांना पकडायला काही उरत नाही. आतला काथ्या त्या वेष्टनात सुरक्षित. कडेला जिथे काथ्या उघडा पडलाय तिथून पाणी शिरेल, तो फुगेल, रेझिनला बारीक तडे जातील. म्हणजे कुंडी मोडेल, पण कुजणार नाही. तुकडे मातीत राहतील, आणि हे पिशवीपेक्षा वाईट, कारण पिशवी निदान उचलता येते.

याची जुनी गोष्ट म्हणजे पूर्व जर्मनीची ट्राबांट गाडी. १९५७ ते १९९१ पर्यंत बनली, बाहेरचे पत्रे लोखंडाचे नव्हतेच, फिनॉल रेझिन आणि कापसाच्या टाकाऊ धाग्याचे होते. कापूस झाला म्हणून गाड्या कुजल्या नाहीत. भंगारात काढताना त्या पत्र्यांचं करायचं काय हीच डोकेदुखी झाली.

आणि जवळची गोष्ट म्हणजे दुकानात मिळणारे 'बांबू फायबर'चे कप. त्यातल्या पुष्कळांत बांबूची पूड मेलामाइन रेझिनमध्ये घातलेली असते. गरम चहाने त्यातून मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड उतरतं. युरोपीय संघाने २०२१ मध्ये असे कप बाजारातून काढायची मोहीमच उघडली.

तेव्हा झाडापासून आलं हा एक प्रश्न, आणि मातीत जाईल का हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं निघत नाही.

---

शेवंती | १९ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

मग मक्याचं प्लास्टिक म्हणतात ते? आमच्या मडगावात आईस्क्रीमवाल्याच्या चमच्यांवर 'कंपोस्टेबल' लिहिलेलं असतं. मी दोन चमचे परसात पुरले होते, वर्षाने तसेच निघाले. धुतले असते तर वापरता आले असते.

---

रसायनी | १९ फेब्रुवारी, दुपारी १.३०

ताई, प्रयोग उत्तम केलात. ते बहुधा पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक अॅसिड, असणार. आयएसओ १७०८८ या मानकात कसोटी अशी: ५८ अंशांच्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. परसातली माती ५८ अंशांना कधी जाते? पीएलए साधारण साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्याच्या खाली ते काचेसारखं घट्ट, पाणी आत शिरायला तयार नाही. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात ते खरोखर जातं. तुमच्या शेवग्याखाली नाही.

कुळागरींच्या कामाला पीएलए चालणारही नाही. ते साधारण १८० अंशांना वितळवून तंतूत दाबावं लागतं, त्याआधी तंतू कडकडीत वाळवावा लागतो, नाहीतर पाण्यामुळे साखळ्या तुटतात. आणि दोनशेच्या वर गेलात तर तंतूच करपतो. मधली जागा फार अरुंद.

---

फायबरदादा | १९ फेब्रुवारी, रात्री ८.४५

वास्कोला होड्यांच्या कामात वीस वर्षं काढली, म्हणून दोन शब्द.

काथ्यावर मी पण हात मारलाय. (१) काथ्या रेझिन पितो. काचेच्या मॅटला जेवढं लागतं त्याच्या जवळजवळ दुप्पट गेलं, खर्चाचं गणित तिथेच फसलं. (२) पावसाळ्यात काथ्यात ओल असते, रेझिन चिकट राहतं, नख रुततं. (३) तोडून बघितलं तर काचेसारखं कडाडून तुटत नाही. कुरकुर आवाज करत तुटतं आणि काथ्याचे केस रेझिनमधून उपसून बाहेर येतात, मागे स्वच्छ भोकं. म्हणजे रेझिनने त्याला धरलेलंच नसतं.

एक मात्र खरं, काचेची खाज नाही. काचेचं काम करून घरी गेलो की बायको माझे कपडे वेगळे भिजवायची.

आणि किनाऱ्यावर जुन्या फायबरच्या होड्या उलट्या पडल्यात त्या बघा कधीतरी. लाकडी होडी कुजायची तरी. ह्यांचं काय करायचं कोणाला माहीत नाही, मुलं क्रिकेटला स्टंप म्हणून वापरतात.

---

आबा_म्हापसा | १९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

फायबरदादा, त्याच्याही आधी या किनाऱ्यावर फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून होड्या करत. खिळा नाही. दोरी खाऱ्या पाण्यात टिकते, आणि होडी वाळूवर आपटली तरी जरा लवते, फुटत नाही. आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंतीत भाताचं तूस आणि गवत तुडवून घातलेलं. काँपोझिट म्हणजे हेच ना? आजीला सांगितलं असतं तर हसली असती.

---

रसायनी | २० फेब्रुवारी, सकाळी ८.००

आबा, शंभर टक्के हेच.

दादांच्या (३) चं कारण: वनस्पतीचा तंतू पाण्याचा मित्र, रेझिन पाण्याचं वैरी. शिवाय तंतूवर मेणाचा थर. उपाय जुना आहे, कॉस्टिक सोड्याचं पाणी. मर्सर नावाच्या इंग्रजाने १८४४ च्या सुमारास सुती कापडावर हे केलं, 'मर्सराइज्ड' शब्द त्यावरून आला. लिटरला पन्नास ग्रॅम कॉस्टिक, तंतू दोन-चार तास बुडवायचा, मग भरपूर धुवायचा, शेवटचं पाणी जरा व्हिनेगर घालून. मेण आणि हेमिसेल्युलोज निघतं, पृष्ठभाग खरबरीत होतो, बंधकाला पकड मिळते.

आणि काथ्याकडून ताकदीची अपेक्षा ठेवू नका. त्यात लिग्निन (झाडात तंतूंना चिकटवून ठेवणारा पदार्थ) चाळीस टक्क्यांच्या वर असतं, सेल्युलोज त्यामानाने कमी. म्हणून तागाच्या मानाने ताण निम्माही घेत नाही, पण तुटण्याआधी लांबतो मात्र पंधरा ते तीस टक्के. ताग दीड-दोन टक्क्यांतच तुटतो. आबांची होडी लवते ती यामुळे. केळीचा तंतू या बाबतीत तागाच्या जवळचा.

हातमोजे आणि चष्मा घाला. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर नाही.

---

शेवंती | २० फेब्रुवारी, सकाळी ११.०५

केळीच्या सोपाबद्दल, म्हणजे खोडाच्या थरांबद्दल, मी सांगते. आमच्याकडे अबोलीच्या फाती (गजरे) सोपानेच बांधतात, दोऱ्याने बांधलेली फात केसात बोचते आणि फुलं कापते.

बाहेरची दोन सोपटं टाकायची, ती काळी आणि ठिसूळ. अगदी आतली पण नको, ती भाजीला. मधली चार-पाच घ्यायची. पट्टी फळीवर पालथी घालून बोथट सुरीच्या पाठीने एकाच दिशेने ओढत जायचं. पहिल्या ओढीला पाणी आणि चीक येतो, दुसऱ्यांदा लगदा, तिसऱ्यांदा खाली रेशमासारखे पांढरे धागे दिसायला लागतात. धारेची सुरी घेतली तर धागे तुटतात. सावलीत वाळवायचे. खोड पाडल्या दिवशीच करा, दुसऱ्या दिवशी चीक काळा पडतो आणि रंग जात नाही. कपड्यांवरचा तर कधीच जात नाही.

---

कुळागरी | २ मार्च, रात्री १०.१०

सगळ्यांचे आभार. पॉलिएस्टरच्या कुंडीत आता आईने कोरफड लावलीय.

शेवंतीताईंच्या पद्धतीने चौदा किलोचं खोड ओढलं. एक रविवार, खांद्याचं भजं, आणि हाती पावणेदोनशे ग्रॅम धागे. बाकी सगळं पाणी.

कॉस्टिकमध्ये मात्र घोटाळा झाला. मोजे घातले, चष्मा घातला, सगळं केलं, आणि द्रावण ओतलं ते अॅल्युमिनियमच्या टोपात. दोन मिनिटांत फसफसायला लागलं, भांडं हाताला लागेना इतकं गरम, नाकात झोंबणारी वाफ. आधी वाटलं केळीच्या चिकाचं काही असेल. टोप काळाठिक्कर, तळाला चाळणीसारखी भोकं. तो टोप सत्यनारायणाच्या शिऱ्याचा होता हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्यांना सावध होता येईल.

---

रसायनी | ३ मार्च, सकाळी ७.३०

अरे देवा. माझी चूक, लिहायला हवं होतं. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं. शेजारी चूल पेटलेली असती तर शिऱ्यापेक्षा मोठं काही गेलं असतं. स्टील किंवा जाड प्लास्टिकची बादली घ्या. आणि वापरलेलं पाणी व्हिनेगरने मारल्याशिवाय पाटात सोडू नका.

---

बोंडू | ३ मार्च, दुपारी ४.२०

गोव्यात बसून बंधक शोधताय आणि काजूच्या टरफलाचं तेल कोणी काढलं नाही? कारखान्यांत टरफलांचे ढीग असतात. पूर्वी होड्यांना बाहेरून हेच लावत, कीड लागत नसे. घट्ट होतं, पाण्याला दाद देत नाही.

---

रसायनी | ३ मार्च, रात्री ९.००

बरोबर. त्यातल्या कार्डानॉलपासून रेझिन होतं, गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये ते वर्षानुवर्षं वापरतात. पण 'कीड लागत नसे' हेच आपल्या आड येतं. जे जिवाणूंना नको ते मातीत लवकर जाणार नाही. मूळ गोव्याच्या डोंगरावरचं, शेवट ट्राबांटचा.

शिवाय कच्चं तेल हाताला लावू नका. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतलेला माणूस पाहिला असेल तर जास्त सांगायला नको.

---

पावसाळी_अळमी | ४ मार्च, सकाळी १०.४५

बुरशीलाच बंधक करा की! पेंढ्यावर किंवा भुशावर धिंगरी अळंबीचं बी सोडायचं, बुरशीचे तंतू वाढत सगळं एकमेकांत विणून टाकतात, मग भट्टीत वाळवून मारायचं. थर्माकोलसारखा हलका ठोकळा. मी केलंय. अडचण एकच, पेंढा नीट उकळला नाही तर धिंगरीच्या आधी हिरवी बुरशी येते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीच जिंकते.

---

खोचक_खोबरं | ४ मार्च, सकाळी ११.००

पावसाळ्यातल्या रानटी रोयण अळमीचं बी सोडलं तर कुंडी मोडून खाता पण येईल. चतुर्थीच्या आधी कुंडीचा भाव विचारूच नका.

---

पावसाळी_अळमी | ४ मार्च, सकाळी ११.१०

@खोचक, ती वाळवीच्या वारुळाशिवाय उगवत नाही. जमलं असतं तर मी इथे कशाला टंकत बसले असते?

---

रसायनी | ६ मार्च, सकाळी ८.१५

कुळागरी, दोन दिवस विचार करतोय. तुम्हाला बंधक बाहेरून आणायची गरजच नसावी.

सोडणात काथ्या आणि त्यामधला भुसा, दोन्ही लिग्निनने भरलेले. झाडात लिग्निन हेच तंतूंना चिकटवून ठेवतं, आणि उष्णतेत ते मऊ पडतं. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम आहे: अख्खं सोडण दळून, काहीही न मिसळता, गरम दाबयंत्रात दाबून मजबूत बोर्ड. भुसा हाच गोंद. आपण काथ्या ठेवतो आणि भुसा फेकतो, इथे तोच कामाचा.

मेख एकच. १८० अंशांच्या आसपासचं तापमान आणि चांगला दाब हवा. घरी इस्त्रीने होणार नाही.

---

फायबरदादा | ६ मार्च, रात्री ८.३०

विरीची ताटं काढतात ते यंत्र चालेल काय? साचा गरम होतो, वरून दाब येतो. त्यात पण गोंद नसतो.

---

कुळागरी | ६ मार्च, रात्री ८.५०

दादा, पाया पडतो. फोंड्याकडे ओळखीच्या एकाकडे आहे.

---

कुळागरी | २३ मार्च, रात्री ११.००

तीन रविवार तिथे काढले. यंत्रवाला भला माणूस, फक्त 'वास गेला नाही तर तुम्हीच ताटं विकायची' म्हणाला.

पहिला रविवार: सोडण कोयत्याने तोडून, मसाल्याच्या गिरणीत दळून (गिरणीवाला परत घेणार नाही) साच्यात भरलं. यंत्र नेहमीच्या तापमानावर. वाटी निघाली, बोटाने दाबली तर कडा भुग्यासारखी ढासळली.

दुसरा: काटा १८० वर नेला. दोन मिनिटांनी साचा उघडला आणि फट्ट! गरम भुसा छपरापर्यंत. आत अडकलेल्या वाफेला दाब सुटताच वाट मिळाली. यंत्रवाला चार पावलं मागे.

तिसरा: पूड दोन दिवस उन्हात वाळवली, अगदी कोरडी नाही, मुठीत दाबल्यावर क्षणभर गोळा राहील इतपत. लांब काथ्या वेगळा काढून बोटभर लांबीचा कापला आणि पुडीत मिसळला. दाब दिला, वीस सेकंदांनी साचा केसभर उचलला, 'सुस्स' करून वाफ गेली, पुन्हा दाबला. असं तीनदा, मग सलग पाच मिनिटं. आणि तसाच दाबात ठेवून जरा निवू दिला.

निघालेली वाटी गडद चॉकलेटी, जळक्या गुळाचा वास, टिचकी मारली की लाकडासारखा टणटण आवाज. आतून नखाने खरवडली तर पांढुरकी रेघ उठते, भुगा पडत नाही. वजन ६२ ग्रॅम. २४ तास पाण्यात ठेवल्यावर ९७. जाडी वाढली, आकार राहिला. काजूच्या कलमाला हा साचा पुरणार नाही, उथळ आहे. भाजीच्या रोपाला बघतो.

---

शेवंती | २४ मार्च, सकाळी ९.००

फोटो टाका!! आणि टोपाचं काय झालं?

---

कुळागरी | २४ मार्च, सकाळी ९.२०

टोप कोरफडीशेजारी. तळाला भोकं आहेतच, त्यात पुदिना लावलाय.

---

कुळागरी | १२ ऑक्टोबर, रात्री ९.३०

धागा वर काढतोय. पावसाळ्याचा निकाल.

जूनमध्ये सात शिरांच्या भेंडीची चाळीस रोपं वाट्यांत केली. महिन्याने वाटीसकट जमिनीत. शिवाय नायलॉनच्या जाळीत बांधून तीन तुकडे वीतभर खोल पुरले होते: खळ आणि केळीच्या धाग्याचा, दाबलेल्या सोडणाचा, आणि पॉलिएस्टरच्या कुंडीचा (आईने कोरफड दुसरीकडे हलवल्यावर कापला).

काल उकरले, धुतले, उन्हात कडक वाळवून तोलले. खळीच्या जाळीत चार-पाच काळे धागे आणि एक जाडजूड गांडूळ. सोडणाचा तुकडा ४० ग्रॅमचा ३१ झालाय, कडा मऊ, दोन हातांनी बिस्किटासारखा मोडतो. पॉलिएस्टर ४४ चा ४४.

म्हणजे सोडण 'विरून' गेलेलं नाही. रसायनींनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं होतंच की उतारावर अंथरायच्या काथ्याच्या जाळ्या काही वर्षं टिकतात, लिग्निन सावकाश जातं. पण चाळीसातली सहा झाडं उपटून पाहिली. वाटी ओली होऊन सैल पडते आणि मुळं सरळ तिच्यातून आरपार जातात, पाच-सहा ठिकाणी. गोल फिरलेलं एकही नाही. मला हवं होतं ते हेच होतं, मी उगाच 'कुजणं' धरून बसलो होतो.

---

खोचक_खोबरं | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४५

आता लेबलवर काय लिहिणार?

---

कुळागरी | १२ ऑक्टोबर, रात्री १०.००

'दाबलेलं सोडण'. कंपोस्टेबल लिहायचं तर रीतसर चाचणी आणि प्रदूषण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, चाळीस वाट्यांसाठी कोण करतो.

पुढचं काम खोल साचा. एका लेथवाल्याशी बोलणं चाललंय, आठ इंच खोलीला तो वाफ काढायला भोकं कुठे पाडायची म्हणून अडलाय. फायबरदादा, एखाद्या रविवारी याल का इकडे? जेवायला घरीच.

---

फायबरदादा | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

येतो. साच्याला तळात भोकं नकोत, बाजूला खाचा पाडायला सांगा, तळात भुसा बसून बुजतात. गडी लोक काय म्हणतात पण?

---

कुळागरी | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

"पिशवी फाडपाचें काम गेलें, बरें जालें." आणि वाटीच्या कडेवर बसून विडी पेटवली. मोडली नाही.